आत्याच्या पाच फेऱ्या

"माझे पैसे कापले जात नाहीयेत," तो म्हणाला.

मी मानही वर केली नाही. बसच्या कार्डांच्या तक्रारी घेणाऱ्या तीन नंबरच्या खिडकीत बसून मला चार वर्षं झाली होती, आणि चार वर्षांत त्या काचेच्या भोकातून मी एकच रड ऐकत आले होते — पैसे जास्त कापले. त्यामुळे सवयीनेच विचारलं, "किती जास्त कापले?"

"जास्त नाही हो... कापलेच नाहीत. आज बाविसावा दिवस."

मग मात्र मी वर बघितलं. बाहेरच्या धुक्याने त्याचे केस ओलसर झाले होते. खांद्यावरून तिरकी काळी बॅग, नाकावर घसरलेला चष्मा, आणि मान किंचित डावीकडे कललेली. माझं पुढचं वाक्य फार महत्त्वाचं असणार आहे, अशा थाटात तो ऐकायला उभा होता. तसं ते काही महत्त्वाचं नव्हतं.

"मग गप्प बसायचं," मी म्हणाले. "फुकट ते पौष्टिक."

"नाही बसवत," तो म्हणाला. "माझ्याऐवजी कोणीतरी भरतंय ना. कोण ते कळायला नको?"

दोन नंबरच्या खिडकीतल्या ताईंनी खुर्ची मागे सरकवली, त्याला नीट न्याहाळून घेतलं आणि माझ्याकडे बघून एक भुवई उडवली. ताईंना माझ्या लग्नाची माझ्या आईपेक्षा जास्त काळजी. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करून त्याचं कार्ड यंत्रावर ठेवलं.

आता हे कार्डाचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या शहरात दिवसभरात पाच फेऱ्यांचं भाडं कापलं गेलं की त्या दिवसाची मर्यादा भरते. लोक तिला 'कॅप' म्हणतात. कॅप भरली की सहाव्या फेरीपासून फुकट — मग पन्नास वेळा चढा नि उतरा. दिवस पहाटे चारला सुरू होतो, दुसऱ्या पहाटे चारला संपतो. चढताना कार्ड टेकवायचं, उतरताना टेकवायचं. आणि एका घरातल्या दोघांना आपली कार्डं जोडून घेता येतात. मग दोघांच्या मिळून पाच फेऱ्या झाल्या की दोघांचीही कॅप भरली.

त्याचं कार्ड असं जोडलेलं होतं. आणि जोडीचं कार्ड रोज सकाळी साडेसहा ते नऊच्या आत पाच फेऱ्या उरकून मोकळं होत होतं. हा नऊला घराबाहेर पडला की दिवसभर त्याला शून्य भाडं.

"सोपं आहे," मी म्हणाले. "जोडीचं कार्ड ज्येष्ठ नागरिकाचं दिसतंय. गोल मार्गाची बस. आजच्याही पाच फेऱ्या झाल्यात. कोणाचं आहे ते?"

"आत्याचं."

"मग आत्यालाच विचारा की!"

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

"आत्याला जाऊन आज बावीस दिवस झाले," तो म्हणाला.

रांगेत मागे कोणीतरी खोकलं. मग चोराची शक्यता सुचली, आणि जरा बरं वाटलं. कार्ड चोरीला गेलं असणार! पण तो म्हणाला, नाही, कार्ड घरी कपाटात आहे, बिस्किटांच्या जुन्या डब्यात. रोज बघतो.

"उद्या घेऊन या," मी म्हणाले. "आठला. खिडकी उघडायच्या वेळेला."

आणि तक्रारवहीत लिहिलं — तपास चालू.

दुसऱ्या दिवशी मी आठला दहा कमी असतानाच खिडकी उघडली. ताई म्हणाल्या, "आज सूर्य कुठे उगवलाय?" मी म्हटलं, "धुक्यात दिसत नाहीये." तेवढ्यात तो आला.

तो कानाची यंत्रं दुरुस्त करायचा. ऐकू येण्याची यंत्रं. म्हाताऱ्या माणसांना दुकानात येववत नाही, म्हणून हाच घरोघरी जायचा. दिवसाला दहा-बारा घरं, म्हणजे दहा-बारा बस. ताईंनी तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं — कानवाले. त्याला वाढवलं होतं आत्याने, घरात दोघंच.

"ज्येष्ठांना भाडं अर्धं पडतं," तो सांगत होता, "पण जोडीत त्यांची फेरी पूर्ण धरतात. बरोबर?"

बरोबर होतं. नियम करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट. मी दोनदा वर लिहून कळवलं होतं, कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"आत्याच्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं. रोज साडेसहाला निघायची. गोल बसमध्ये बसायची, चार स्टॉप जायची, उतरायची, मागच्या बसमध्ये चढायची. पाच वेळा. नऊपर्यंत दारात हजर. 'जा, तुझा दिवस भरून आले,' म्हणायची."

"आणि तुम्ही जाऊ देत होता?"

"गुडघे दुखायचे तिचे. पन्नास वेळा सांगितलं नको म्हणून. ऐकेल तर ना! कानात यंत्र मीच बसवलेलं, पण ती सोयीचं तेवढंच ऐकायची." तो ओशाळून हसला. "तेही सैल बसायचं. सैल बसलं की यंत्र बारीक शिट्टी मारतं. गावभरच्या कानांची शिट्टी मी बंद करतो, घरातली राहूनच गेली. दिव्याखाली अंधार."

मला हसू आलं. यायला नको होतं, बाई जाऊन तेवीस दिवस झालेले... पण त्यालाही बरं वाटलेलं दिसलं.

मग त्याने कार्ड दिलं. मधोमध चिरलेलं. दवाखान्यातल्या धावपळीत कोणाच्या तरी पायाखाली आलं होतं म्हणे. आतली तार तुटून बाहेर डोकावत होती. मी ते यंत्रावर ठेवलं. काही नाही. पुसून ठेवलं, उलटं ठेवलं, दाबून ठेवलं. यंत्र ढिम्म. असं कार्ड कुठल्याच बसमध्ये चालणं शक्य नव्हतं, हे मी नोकरी पणाला लावून सांगितलं असतं.

आणि कार्ड माझ्या दोन बोटांत असताना समोरच्या पडद्यावर एक नवी ओळ उमटली.

गोल मार्ग. आठ वाजून अकरा मिनिटं. चढल्या.

पडद्याचं प्रतिबिंब काचेत पडलं होतं, त्याने ते उलटं वाचलं असणार.

"तिसरी फेरी," तो हळूच म्हणाला.

दहा मिनिटांनी दुसरी ओळ आली — उतरल्या. तोवर मी कार्ड हातातून खाली ठेवलं नव्हतं, आणि त्याने खिडकीच्या कडेवरचा हात काढला नव्हता. आमच्या हातांमध्ये फक्त काच होती.

खरं तर त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, मृत्यूचा दाखला आणा. दाखला दाखवला की कार्ड बंद होतं. एक कागद, एक बटण, दोन मिनिटांचं काम. तुटलेल्या कार्डाची ओळ पडद्यावर कशी येते, हे शोधायचीही गरज नव्हती. बंद केलेल्या कार्डाला कुठलंच यंत्र दाद देत नाही.

पण बटण दाबलं की तक्रार मिटणार होती. तक्रार मिटली की हा मान कलवून ऐकणारा माणूस उद्या येणार नव्हता.

"वर कळवावं लागेल," मी म्हणाले. "वेळ लागेल हो याला... तुम्ही असं करा, रोज एकदा येऊन जा."

"रोज?"

"रोज."

"येतो," तो म्हणाला, आणि इतक्या पटकन म्हणाला की ताईंनी खुर्ची पुन्हा मागे सरकवली.

तो रोज येऊ लागला. दुपारी दीडला, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. खिडकीला पाटी लावून मी बाहेर यायचे आणि स्थानकाच्या लाकडी बाकावर आम्ही दोघं बसायचो. सकाळच्या पाच ओळी मी कागदावर उतरवून आणलेल्या असायच्या. आधी तो कागद वाचायचा तपास. मग इतर तपास.

"तुमचा डावा कान कमी ऐकतो," एकदा तो म्हणाला.

"कशावरून?"

"मघाशी डावीकडून तुमची तारीफ केली. तुम्ही लक्षच दिलं नाहीत."

"कधी केलीत?"

"बघा. म्हटलं ना..."

मी दुसऱ्या दिवशी त्याच्या उजवीकडे बसायचं सोडून डावीकडे बसले, म्हणजे माझा उजवा कान त्याच्याकडे. त्याने ते बघितलं. त्या दिवशी त्याच्या कानांची टोकं लाल झाली होती.

घरी आई म्हणाली, "अलीकडे आरशासमोर फार वेळ जातो." मी म्हटलं, "केस गळताहेत." आई म्हणाली, "केसांसाठी कोणी गाणं म्हणत नाही."

हे सगळं छान होतं. फक्त रोज सकाळी साडेसहाला, मी दात घासत असताना, माझ्या मनात यायचं — आता ती चढली असेल. आरशात माझ्या तोंडावरचं हसू तेवढ्यापुरतं जायचं. एका गेलेल्या बाईला मी रोज बसने फिरवत होते. कशासाठी? तर दीड वाजता मला बाकावर बसायला मिळावं म्हणून.

मग ओळी बदलल्या. एका सोमवारी पाचवी फेरी गोल मार्गावर संपलीच नाही. शेवटची नोंद होती आमच्या स्थानकाची. फाटक तीन. माझ्या खिडकीच्या बरोबर समोरचं.

मंगळवारीही तेच. बुधवारी मी मुद्दाम पावणेनऊपासून फाटकाकडे डोळे लावून बसले. गर्दी होती. ज्येष्ठांचं कार्ड टेकलं की यंत्र दोनदा वाजतं, बाकीच्यांचं एकदा. आठ वाजून त्रेपन्न मिनिटांनी ते दोनदा वाजलं. टीं-टीं. हिरवा दिवा लागला, फाटकाचे आडवे दांडे सावकाश फिरले, आणि त्यातून कोणीच बाहेर आलं नाही.

माझ्या खिडकीसमोर चारजणांची रांग होती. पहिला माणूस काम आटोपून गेला. दुसरा पुढे आला नाही. हातात कार्ड घेऊन तो होता तिथेच उभा, एका माणसाची जागा सोडून. कोणी आधीच पुढे उभं असलं की आपण थांबतो ना, तसा. आणि काचेच्या भोकातून एक बारीक, लांबलचक शिट्टी आत आली.

माझ्या मानेवर काटा आला. पळावंसं वाटलं, पण पाय खुर्चीखाली अडकले होते. कोणीतरी माझ्याकडे बघत होतं. चेहरा, केस, टेबलावरचा पसारा, सगळं सावकाश बघत होतं. आणि मी काय करावं? मी ओढणी सारखी केली! एवढ्या भीतीतही हात आपसूक कपाळावरची बट मागे सारत होता.

"पु... पुढचे," मी कशीबशी म्हणाले.

शिट्टी थांबली. मागचा माणूस पुढे आला आणि म्हणाला, "माझे पैसे जास्त कापलेत." इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

दुपारी बाकावर त्याला हे मी सांगितलं नाही. काय सांगणार होते? तुमची आत्या मला बघून गेली?

आठवड्याभराने त्यानेच कागद हातात धरून विचारलं, "हे आकडे बघितलेत तुम्ही?"

पूर्वी बस थांबल्यापासून आत्या उतरेपर्यंत पंधरा-वीस सेकंद लागायचे. आता मिनिट लागत होतं. कधी दीड. दोन फेऱ्यांच्या मधला वेळही वाढला होता. एका स्टॉपवर तर तिने तीन बस सोडल्या होत्या आणि चौथीत चढली होती.

"बसली असेल जरा," तो म्हणाला. "गुडघे धरले की ती अशीच करायची. बस आली तरी हात करायची, जा पुढे म्हणून." त्याचा आवाज चिरकला. "मेल्यावरही दुखतात का हो गुडघे?"

माझे दोन्ही कान शाबूत होते आणि त्यातलं एक अक्षरही न ऐकलेलं बरं, असं वाटत होतं. हे मी थांबवू शकत होते. अगदी पहिल्याच दिवशी थांबवू शकले असते.

त्याने बॅग उघडली. यंत्रांच्या डब्यांखालून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मृत्यूचा दाखला. घड्या अगदी मऊ पडल्या होत्या. मी तारीख बघितली. तो पहिल्यांदा खिडकीवर आला त्याच्या आदल्या दिवशीचा होता.

मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता.

"याने कार्ड बंद होतं, मला माहीत होतं," तो म्हणाला. "बंद झालं की ती खरीच जाईल, म्हणून..." वाक्याचं आणखी एक टोक उरलं होतं, ते मला दिसत होतं. माझ्याही पोटात तसंच एक टोक होतं.

"आता दाबते मी बटण," मी म्हणाले.

"नको. असं नको. ती बसमध्ये बसलेली असताना यंत्राने तिला ओळखच दाखवू नये? मला आधी तिला सांगायचंय. समोरासमोर." मग जरा थांबून — "तुम्ही याल?"

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला आम्ही गोल मार्गाच्या बसमध्ये होतो. आत सातआठजण. गणवेशातली एक नर्स, कारखान्याचे दोन कामगार, वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतलेले एक मास्तर. धुकं इतकं की खिडक्यांवर कोणी पांढरा कागद चिकटवलाय असं वाटत होतं. दाराजवळ वृद्धांसाठीची राखीव जागा होती. उठलं की आपोआप वर मिटणारी खुर्ची. आम्ही तिच्या मागे बसलो, खांद्याला खांदा लावून. थंडी होती म्हणून, असं दोघांनीही ठरवलं असावं.

त्याच्या घराजवळच्या स्टॉपवर चिटपाखरू नव्हतं. तरी चालककाकांनी बस थांबवली. दार उघडलं. धुक्याचा एक लोट आत आला.

टीं-टीं.

हिरवा दिवा. मग लोखंडी दांडा कुरकुरला, आणि आमच्या समोरची मिटलेली खुर्ची हळूहळू खाली गेली. खाली जाऊन तशीच राहिली. मी त्याचा दंड घट्ट धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

काका आरशात बघत होते. खुर्ची स्थिर झाल्यावर मगच त्यांनी गाडी हलवली.

"काका," मी कुजबुजले, "तुम्हाला हे..."

"मला काही माहीत नाही, ताई," ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "ज्येष्ठ माणूस बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, असा नियम आहे. मी नियमाने चालतो."

आणि मग ती शिट्टी आली. बारीक, थरथरती, कधी अगदी विरून जाणारी. त्याची मान डावीकडे कलली, डोळे भरून आले.

"आत्या," तो पुढे वाकून म्हणाला.

शिट्टी चालूच.

"मोठ्याने बोला," मी म्हणाले. "ऐकू कसं जाणार?"

"आत्या!" तो ओरडला. अख्खी बस वळली. "आत्या, आता पुरे! तू नको फिरूस! मी भरीन माझं भाडं! जा, आराम कर!"

कामगारांपैकी एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. मास्तरांनी वह्या छातीशी धरल्या. खुर्ची जागची हलली नाही. चार स्टॉप गेले. जिथे ती रोज उतरायची तिथे दार उघडलं, काका थांबले, दार मिटलं. ती बसूनच राहिली.

"ऐकलंय तिने," तो म्हणाला. "पटलेलं नाहीये. शेवटी दवाखान्यातही एकच धोशा होता तिचा. 'आता तुझा दिवस कोण भरणार रे?' मी म्हणायचो, तू बरी हो. दुसरं काय सांगणार होतो? तेव्हा सांगायला काही नव्हतंच."

तो माझ्याकडे वळला. चष्म्याच्या काचा धुरकटलेल्या होत्या.

"आता मी जे बोलणार आहे ना, ते खरं तर आधी तुम्हाला विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "रागावू नका."

आणि खुर्चीकडे वळून, छाती भरून श्वास घेऊन तो ओरडला —

"आत्या! ही माझ्याशेजारी बसलीये ना, ती मला आवडते! दाखला पहिल्या दिवसापासून बॅगेत होता माझ्या! दिला नाही! तुझ्यासाठी नाही, आत्या... हिच्यासाठी! हिला रोज भेटायला मिळावं म्हणून तुला फिरवत ठेवलं मी! तुझे गुडघे दुखत होते आणि मी बाकावर बसून गप्पा मारत होतो! माफ कर मला!"

शिट्टी एकदम थांबली. बसमध्ये इंजिनाशिवाय कसलाही आवाज उरला नाही. मग ती पुन्हा सुरू झाली. पण आता ती पुढून येत नव्हती. माझ्या कानापाशी होती. गालाला गार हवा लागत होती, आणि माझ्या तोंडाकडे कोणीतरी निरखून बघत होतं. खिडकीवर बघितलं होतं तसंच.

सगळी बस माझ्याकडे बघत होती. नर्सने तर पर्सही मांडीवरून बाजूला ठेवली होती. पुढचा स्टॉप आला, काकांनी दार उघडलं आणि आरशातून म्हणाले, "ताई, काय ते सांगून टाका. मागे दुसरी गाडी आहे."

चार वर्षं मी काचेच्या भोकातून मोजकं बोलत आले होते. इतका मोठा आवाज माझ्या गळ्यात आहे, हे मलाही माहीत नव्हतं.

"मी पण!" मी ओरडले. "आत्या, मी पण तेच केलं! पहिल्याच दिवशी मी तुम्हाला उतरवू शकले असते! एक बटण होतं! नाही दाबलं! हा रोज यायला हवा होता मला! तुम्ही दमलात हे दिसत होतं, तरी नाही दाबलं! चुकलं माझं!" मला रडू फुटलं होतं आणि तरी मी ओरडतच होते. "आणि आवडतो! हो! मलाही आवडतो! तुम्ही जा आता! मी आहे! याचा दिवस मी बघते!"

गालावरची गार हवा गेली. केसांवरून काहीतरी अगदी हलकं फिरल्यासारखं वाटलं. एकदाच.

समोरची खुर्ची सावकाश वर मिटली.

टीं-टीं.

स्टॉपवर तिघंजण चढायला उभे होते. ते तिघंही एकदम दोन बाजूंना सरले आणि मध्ये वाट झाली. त्यांतल्या एका बाईने हात पुढे केला, म्हाताऱ्या माणसाला उतरताना आपण आधार देतो तसा. क्षणभर तिने तो तसाच धरला. मग आपल्याच रिकाम्या हाताकडे बघत राहिली.

"उतरल्या," काका म्हणाले आणि त्यांनी दार लावलं.

तो रडत होता. मी त्याचा हात धरून बसले. नर्सने पर्समधून रुमाल काढून त्याला दिला आणि मला म्हणाली, "चांगलं झालं हो." काय चांगलं झालं हे तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आज एकच फेरी झाली तिची. चार राहिल्या."

"करू की आपण."

"तुम्हाला आठला खिडकी उघडायची असते."

"तू," मी म्हणाले. "एवढ्या लोकांसमोर ओरडल्यावर आता 'तुम्ही' कसलं?"

त्या दिवशी तीन नंबरची खिडकी चाळीस मिनिटं उशिरा उघडली. ताईंनी काही विचारलं नाही. माझे सुजलेले डोळे आणि लाल गाल बघून त्यांना जे काय कळायचं ते कळलं असणार. रांगेत पहिला तोच होता. त्याने काचेखालून दाखला सरकवला. मी क्रमांक टाकला, आत्याचं कार्ड पडद्यावर आणलं. शेवटची ओळ होती — उतरल्या. मी दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि बटण दाबलं. तक्रारवहीत 'तपास चालू' खोडून लिहिलं — निकाली.

काम संपलं होतं. मागची माणसं चुळबुळ करत होती. काचेपलीकडे तो मात्र तसाच उभा होता, आणि आता तिथे उभं राहायला त्याच्याकडे कुठलीच तक्रार नव्हती.